उतारा समजला, तरी गुण का जातात? आकलनाच्या कृती सोडवण्याची पद्धत

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत गद्य विभागाला 18 गुण असतात. त्यातील अपठित उताऱ्याचे 4 गुण पाठांतराशिवाय मिळतात. पण तेच सहज निसटतात. कारण प्रत्येक कृती वेगळे काम सांगते आणि विद्यार्थी सगळीकडे उताऱ्यातले वाक्य उतरवून काढतात.

संत्र्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या नरखेड तालुक्यावरचा हा नमुना उतारा पाहा :

"नरखेड तालुक्यातील अनेक शेतकरी संत्र्याच्या बागा राखतात. संत्र्याचे मुख्यतः दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तर मृग बहाराची जून-जुलैत. आंबिया बहारासाठी बागेचे पाणी काही काळ तोडतात. याला ताण देणे म्हणतात. ताणामुळे झाडाची वाढ थांबते व त्यात अन्नसाठा होतो. पुन्हा पाणी देताच झाड फुलते. मृग बहार पावसावर अवलंबून असतो."

1. आकृती पूर्ण करा. 'संत्र्याचे मुख्य बहार' असे विचारले, तर चौकटीत फक्त 'आंबिया' आणि 'मृग' लिहा. पूर्ण वाक्य नको.

2. कारण लिहा. बागेचे पाणी का तोडतात? 'कारण याला ताण देणे म्हणतात' हे उत्तर चूक, कारण ते नाव आहे, कारण नव्हे. खरे कारण पुढच्या दोन वाक्यांत विभागले आहे : वाढ थांबून अन्नसाठा व्हावा आणि पाणी मिळताच झाड फुलावे, म्हणून. दोन्ही वाक्ये जोडून लिहा.

3. प्रश्न तयार करा. उत्तर 'ताण देणे' हवे असेल, तर 'ताण देणे म्हणजे काय?' हा प्रश्न चालणार नाही. त्याचे उत्तर व्याख्या येते. 'बहारासाठी बागेचे पाणी काही काळ तोडण्याला काय म्हणतात?' हा प्रश्न बरोबर. शेवटी प्रश्नचिन्ह विसरू नका.

4. चूक की बरोबर. 'मृग बहाराला पाणी लागत नाही.' हे विधान चूक. तो पावसावर अवलंबून आहे, म्हणजे त्याला पाणी लागतेच. येथे उताऱ्यातील शब्दांचा अर्थ लावावा लागतो.

5. स्वमत. पठित उताऱ्यावर ही 3 गुणांची कृती असते. आधी मत, मग उताऱ्यातील आधार, शेवटी स्वतःचे उदाहरण, असा क्रम ठेवा.

ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्याने जास्त जपावे. त्याला हस्त बहारही माहीत असतो आणि तो आकृतीत तिसरे नाव लिहून मोकळा होतो. माहिती खरी, पण उताऱ्यात नाही, म्हणून आकलनात ती चालत नाही. स्वमतात मात्र बागेतला हाच अनुभव उत्तराला वजन देतो.

म्हणून उतारा वाचण्याआधी कृती वाचा. काय करायला सांगितले आहे, त्या शब्दाखाली रेघ मारा आणि मगच उताऱ्याकडे वळा.