भाषा आणि लिंगभाव : चार सिद्धांत



'बायका फार बोलतात', 'मुलीनं हळू बोलावं' ही वाक्यं आपण घरात ऐकतोच. पण स्त्रिया खरंच वेगळं बोलतात का? बोलत असतील तर का? या प्रश्नाला भाषेच्या अभ्यासकांनी मुख्यतः चार उत्तरं दिली.

१) उणिवेचा सिद्धांत : ऑटो येस्पर्सन (१९२२) यांनी पुरुषांची भाषा हेच माप धरलं आणि स्त्रियांचा शब्दसंग्रह मर्यादित ठरवला. १९७५ मध्ये रॉबिन लेकॉफ यांनी 'बायकी भाषे'ची लक्षणं सांगितली. 'मला आपलं वाटतं', वाक्याच्या शेवटी 'हो ना?', जास्तीची नम्रता वगैरे. मात्र त्यांनी याचं कारण स्त्रीच्या दुय्यम स्थानात शोधलं.

२) वर्चस्वाचा सिद्धांत : झिमरमन आणि वेस्ट (१९७५) यांनी ११ स्त्री-पुरुष संभाषणं तपासली. त्यांत ४८ वेळा समोरच्याचं बोलणं मध्येच तोडलं गेलं, त्यातलं ४६ वेळा पुरुषांनी! पुढे ओबार आणि अ‍ॅटकिन्स (१९८०) यांनी अमेरिकेतल्या न्यायालयांतल्या साक्षी ऐकल्या. तिथे खालच्या सामाजिक स्थानावरचे पुरुषही तसंच चाचरत बोलत होते. तज्ज्ञ म्हणून आलेल्या स्त्रिया मात्र ठामपणे. म्हणजे ही भाषा बाईची नव्हे, सत्ता नसलेल्याची.

३) भिन्नतेचा सिद्धांत : डेबोरा टॅनन (१९९०) म्हणतात, मुलगे-मुली वेगळ्या गटांत वाढतात. मुली नातं जोडायला बोलतात, मुलगे माहिती द्यायला नि स्थान राखायला. कुणी कमी नाही. यावर आक्षेप असा, की यात सत्तेचा मुद्दा निसटतो.

४) घडणीचा सिद्धांत : ज्युडिथ बटलर (१९९०) यांच्या मते लिंगभाव आपल्यात आधीच नसतो, वागण्याबोलण्यातून तो रोज घडतो. डेबोरा कॅमेरॉन यांनी हा विचार संभाषणाच्या अभ्यासात आणला.

आता मराठीकडे या. 'मी जातो', 'मी जाते' : आपण तोंड उघडलं की क्रियापदच लिंग सांगतं. पण कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सहज 'मी जातो' म्हणतात. त्यांचं बाईपण कुठं कमी होतं का? तरी वर्गात अशा मुलीला हसतात आणि ती बोलायचीच थांबते.

परीक्षेत चारही सिद्धांत लिहा. पण उद्या वर्गात कोण कुणाचं बोलणं तोडतं, तेही जरा मोजून बघा.