कर्तेपणाचा भास आणि बडोदे

कृती घडत असताना 'ही मी केली' असे जे वाटते, ते थेट जाणवणारे सत्य नसून मनाने काढलेले अनुमान असते, हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. त्यांच्या मते एखादा विचार कृतीच्या किंचित आधी मनात आला (पूर्वता), तो त्या कृतीशी जुळणारा असला (सुसंगती) आणि कृतीचे दुसरे कोणतेही कारण समोर नसले (अनन्यता), की मन त्या विचारालाच कारण ठरवते आणि कर्तेपण स्वतःकडे घेते. यावरून इच्छा निरर्थक असते असे सिद्ध होत नाही, आणि वेग्नर यांच्या काही टीकाकारांची तक्रारही हीच आहे, की भास शक्य आहे एवढ्यावरून सर्वच भास आहे असे म्हणता येत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की कर्तेपणाची जाणीव आणि कृतीचे खरे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची फारकत होऊ शकते.

ही फारकत दोन्ही दिशांनी होते. जे आपल्या हाती नाही ते हाती असल्याचे वाटणे, म्हणजेच नियंत्रणाचा भास, एलेन लँगर यांनी १९७५ साली सोडतीच्या तिकिटांवर दाखवून दिला: एका डॉलरचे तिकीट ज्यांनी स्वतः निवडले होते, त्यांनी ते परत विकण्यासाठी सरासरी साडेआठ डॉलरहून अधिक मागितले, तर ज्यांना तिकीट नुसते दिले गेले होते, त्यांनी दोन डॉलरच्याही आत समाधान मानले. वास्तविक निवडीने बक्षिसाची शक्यता तसूभरही वाढत नाही.

याची उलट बाजू, म्हणजे जे आपण करतो ते परक्याच्या नावावर घालणे, अधिक विलक्षण आहे, आणि तिचा एक नमुना बडोद्यातच सापडतो. पुढे योगी म्हणून ओळखले गेलेले अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानी सेवेत होते. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र तेथे आले असताना प्लँचेट, म्हणजे हात ठेवताच आपोआप सरकून उत्तरे देते असे मानले जाणारे साधन, आणि स्वयंलेखन, म्हणजे हात आपोआप लिहीत असल्याचा अनुभव, यांचे प्रयोग सुरू झाले. लोकमान्य टिळकांविषयी विचारले असता, इतरांच्या माना झुकल्या तरी हा मनुष्य झुकणार नाही, अशा आशयाचे उत्तर उमटले. ते पुढे खरे ठरले, म्हणून त्याचे नवल सांगितले जाते. परंतु त्या बैठकीतल्या मंडळींचे टिळकांविषयी आधीपासूनच तेच मत असणार, हेही विसरून चालणार नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८५३ साली फिरत्या टेबलांच्या बैठकींवर केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणारे थर ठेवून त्यांनी दाखवले, की टेबल हातांना ओढत नसून हातच टेबलाला ढकलतात. आणि ही ढकल दाखवणारा काटा बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, की टेबल फिरेनासे होते. वेग्नर यांच्या परिभाषेत सांगायचे, तर एकाच टेबलावर अनेकांचे हात असल्यामुळे अनन्यता उरत नाही, आणि म्हणून कर्तेपण बाहेर ढकलले जाते. स्वतः अरविंदांनीही पुढे अशा लेखनाचा बराचसा भाग सुप्त मनाच्या नाट्य रचण्याच्या शक्तीचा मानला, ही बाब त्यांचे चरित्र भाविकतेने वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

याच शहरात त्यांनी घेतलेला दुसरा अनुभव याहून खोल आहे. डिसेंबर १९०७ मधील सुरतेच्या काँग्रेसनंतर बडोद्यात त्यांची विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी भेट झाली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील एका खोलीत दोघे ध्यानाला बसले, आणि विचार मनात निर्माण होत नसून बाहेरून येतात, ते आत शिरण्यापूर्वी परतवावेत, अशी सूचना लेल्यांनी दिली. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे अरविंदांनी नंतर नमूद केले आहे. पुढे जानेवारी १९०८ मध्ये मुंबईच्या सभेत, श्रोत्यांना नमस्कार करून थांबावे म्हणजे भाषण आपोआप येईल, या लेल्यांच्या सल्ल्यानुसार ते बोलले. विचार आपण घडवत नसून ते येतात, हे निरीक्षण म्हणून मानसशास्त्राला सहज मान्य व्हावे, कारण पुढचा विचार कोणता येणार हे तो येण्यापूर्वी कोणालाच ठाऊक नसते. विचार 'बाहेरून' येतात हे स्पष्टीकरण मात्र मानसशास्त्र स्वीकारणार नाही, आणि विज्ञानाने योगाला दुजोरा दिला अशी जी घाईची विधाने नेहमी कानी पडतात, ती निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांतला हा फरक पुसून टाकतात.

कर्त्याविषयीचा हा प्रश्न अखेरीस कार्यकारणभावाशी जाऊन भिडतो. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी १९४६ साली दाखवले, की एक आकृती सरकत येऊन दुसरीला टेकली आणि दुसरी लगेच हलली, तर पाहणाऱ्याला 'धक्का' दिसतोच, जरी दोन्ही केवळ हलती चित्रे असली तरी. मध्ये सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा खंड पडला, तर तो धक्का नाहीसा होतो. कारणातून काही शक्ती निघून कार्यात शिरते, ही कल्पना इतक्या नाजूक कालगणितावर उभी आहे. आठव्या शतकातील बौद्ध पंडित शांतरक्षित यांचा 'तत्त्वसंग्रह' त्यांचे शिष्य कमलशील यांच्या टीकेसह १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. त्यात कारणातून निघणाऱ्या शक्तीची ही कल्पनाच नाकारली आहे: कार्य उत्पन्न होताना कारण नियमाने आधी असते, याखेरीज कारणाचा 'व्यापार', म्हणजे त्याची क्रिया, म्हणून वेगळे काही नसते. शांतरक्षित टिकून राहणारा आत्माही मानत नाहीत. यावर आक्षेप असा, की स्थिर आत्माच नसेल, तर केलेल्या कर्माचे फळ बुडेल आणि न केलेल्याचे पदरात पडेल. शांतरक्षितांचे उत्तर असे, की बीजापासून अंकुर येण्यासाठी त्या दोहोंत टिकून राहणारा कोणी मालक लागत नाही, क्षणांची नियमबद्ध परंपरा पुरते. आणि 'कर्ता' हा शब्द त्या परंपरेला एक मानून मनाने तिच्यावर चढवलेला असतो. आत्मा मानणाऱ्या नैयायिकांना आणि मीमांसकांना हे कधीच पटले नाही, आणि त्यांचे युक्तिवादही शांतरक्षितांनी त्याच ग्रंथात खंडनापूर्वी विस्ताराने मांडून ठेवले आहेत.