थंड इंजिनाला रेस

मागच्या गॅदरिंगच्या स्पोर्ट्‌समध्ये ४ x १०० रिलेत तिसऱ्या टप्प्याला जो प्राणी मांडी धरून ट्रॅकवर बसला होता, तो मीच. मेसमध्ये अजूनही रोज कुणीतरी "काय मग, पाय काय म्हणतोय?" असं विचारतं. एकदाच सगळ्यांना लेखी उत्तर द्यावं, म्हणून हा लेख.

डिसेंबरची सकाळ होती. स्वेटर काढवत नव्हता. पावणेसातला मी शहाण्यासारखं स्ट्रेचिंग केलं. वाकून पायाचे अंगठे धरले, टाच मागे ओढली, एकेक पोझ चांगली मिनिट-मिनिटभर. मग उद्घाटन. प्रमुख पाहुणे खेळाचं महत्त्व या विषयावर चाळीस मिनिटं बोलले आणि आम्ही ती चाळीस मिनिटं गारठलेल्या गवतावर उभे राहून ऐकली. त्यानंतर लगेच रेस. बॅटन हातात आली, तीसेक मीटर गेलो असेन, तेवढ्यात मांडीच्या मागे 'टक्' झालं. कुणीतरी दगड मारला असं वाटून मी मागे वळूनसुद्धा बघितलं! पुढे वळणाच्या टोकाला आमचा फायनल इयरचा सिनियर हात मागे करून उभा होता. सलग तीन वर्षं त्याची टीम दुसरी आली होती. कॉलेजातली ही त्याची शेवटची रेस, आणि ती त्याला पळताच आली नाही. तो मला एका शब्दानं बोलला नाही. उलट पुढचे तीन आठवडे माझा डबा तिसऱ्या मजल्यावर तोच आणून द्यायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

फिजिओथेरपिस्टनं पहिला प्रश्न विचारला, "वॉर्म-अप केला होता?"

"हो, स्ट्रेचिंग केलं होतं की."

"मी वॉर्म-अप विचारतोय."

सहा आठवडे त्याच्याकडे खेपा घालताना मला या दोन शब्दांतला फरक कळला. वॉर्म-अप म्हणजे शब्दशः गरम होणं. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जेमतेम १५ ते २० टक्के स्नायूंकडे जातं. जोरात धावताना हाच आकडा ८० टक्क्यांच्या आसपास पोचतो. हा बदल बटण दाबल्यासारखा होत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. हलकं धावलं की रक्त वाढतं, स्नायू तापतो. गरम रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं, मज्जातंतूंमधून निरोप लवकर पोचतात. स्नायूचं तापमान एका अंशानं वाढलं तर उडी आणि स्प्रिंटची ताकद साधारण ४ ते ६ टक्क्यांनी वाढते, असं १९७९ साली मोजलं गेलंय. आपण एका टक्क्यासाठी रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतो, आणि इथे फुकट मिळतंय ते सोडतो.

मेकॅनिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. थंडीत गाडी चालू करून लगेच फुल रेस दिली तर काय होतं? ऑइल घट्ट असतं, वरपर्यंत पोचलेलं नसतं. आपल्या सांध्यांतलं वंगणही काहीसं तसंच. ते नॉन-न्यूटोनियन आहे, हालचालीनं ढवळलं की पातळ होतं. (फ्लुइड मेकॅनिक्समधलं काहीतरी उपयोगी पडलं म्हणायचं!)

आता माझी मांडीच का गेली? धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा त्याला ब्रेक लावायचं काम मागचा हॅमस्ट्रिंग करतो. म्हणजे तो एकाच वेळी ताणलाही जातो आणि जोरही लावतो. १९८८ साली सशांच्या स्नायूंवर एक प्रयोग झाला. आधी आकुंचन करायला लावून जेमतेम एका अंशानं तापवलेला स्नायू फाटायला जास्त जोर लागला आणि तो जास्त ताणही सहन करू शकला. माझा तर गारठलेला होता.

"पण स्ट्रेचिंग?" असं मीही विचारलं. ऑस्ट्रेलियात दीड हजारावर सैनिकांवर याची परीक्षा झाली, निकाल २००० साली आला. नुसतं स्थिर स्ट्रेचिंग जोडल्यानं पायाच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट एकच पोझ मिनिटभर धरून ठेवली, तर त्यानंतर थोडा वेळ स्नायूचा जोर किंचित कमीच होतो. मी नेमकं तेच केलं होतं. लवचिकपणासाठी स्ट्रेचिंग चांगलंच, पण ते खेळून झाल्यावर. याउलट, नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना धावणं, तोल सांभाळणं, उड्या, पायाची ताकद असा २० मिनिटांचा वॉर्म-अप दिला, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. हे २००८ सालचं.

माझा रूममेट कोल्हापूरचा. त्याला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाला, "आमच्याकडं तालमीत आधी फावड्यानं हौद्यातली माती खणायला लावत्यात, मग कुस्ती." बघा!

आता मी काय करतो ते सांगतो. पाच मिनिटं रमतगमत धावायचं, कपाळावर घाम दिसेपर्यंत. मग उभ्यानं पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे वर घेत चालणं, लांब पावलं टाकत खाली बसणं. शेवटी पन्नास मीटरच्या तीन धावा, पहिली निम्म्या जोरानं, तिसरी जवळजवळ पूर्ण. एकूण पंधरा मिनिटं. जिमवाल्यांनी आधी हलक्या वजनाचा सेट मारावा, आल्याआल्या आरशासमोर बेंचप्रेस नको. आणि दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी थेट बॅडमिंटन कोर्टवर उतरणाऱ्या सरांनी तर हे जरूर करावं, हृदयालाही गिअर एकेक करूनच बदलायला आवडतं. छातीत दुखलं किंवा भरून आलं तर मात्र खेळ थांबवून सरळ डॉक्टर गाठायचा.

एक गोष्ट राहिली. ही गरमी टिकत नाही. नुसतं उभं राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत बरीचशी उतरते. त्यामुळे स्वेटर शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेवायचा आणि पाय हलते ठेवायचे. यंदा उद्घाटनाचं भाषण रंगात आलं की आमच्या विंगची चार पोरं मंडपाच्या मागे दुडक्या चालीनं धावताना दिसतील. पाहुण्यांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.