तीन नाण्यांचं एक पत्र

दोस्तांनो, अमेरिकेहून कुणी मावशी-मामा आले, की त्यांच्याकडून पाच सेंटचं नाणं मागून घ्या. तिथे त्याला 'निकेल' म्हणतात. खरं तर त्यात तीन भाग तांबं आणि एकच भाग निकेल हा धातू असतो! ते डिजिटल काट्यावर ठेवा. नाणं नवंकोरं असेल तर वजन भरेल ५ ग्रॅम.

आहे ना गंमत? ज्या देशात आजही भाजी पौंडात तोलतात, तिथलं नाणं मात्र नेमकं ५ ग्रॅमचं! या कोड्याचं उत्तर एका वकिलाच्या गोष्टीत आहे.

त्यांचं नाव जॉन कॅसन. जन्म १८२२ सालचा. १८५७ साली ते पश्चिमेला, आयोवा राज्यातल्या डे मॉइन गावी वकिली करायला गेले. राज्य तेव्हा अवघं अकरा वर्षांचं होतं. गावात रेल्वे यायलाच आणखी नऊ वर्षं लागायची होती!

१८६१ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी कॅसन यांना टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर नेमलं. परदेशी टपालाचा तेव्हा नुसता गुंता होता. पत्र कुठल्या वाटेनं जातं, कुणाच्या जहाजावर चढतं, यावर त्याचे पैसे बदलायचे. वाटेतला प्रत्येक देश आपला वाटा मागायचा. त्यात कुणी ग्रॅममध्ये तोलायचं, तर कुणी औंसात.

मग १८६३ साली पॅरिसमध्ये १५ देशांची माणसं एकत्र बसली. अमेरिकेतर्फे गेले होते कॅसन. परदेशी पत्रं सगळ्यांनी ग्रॅममध्येच तोलावीत, असा विचार तिथे मान्य झाला.

कॅसन तोवर संसदेतही निवडून आले होते. नाणी, वजनं आणि मापं यांची समिती त्यांच्याकडे आली, आणि १८६६ साल उजाडलं. मे महिन्यात ५ ग्रॅमच्या निकेलचा कायदा झाला. जुलैमध्ये मीटर आणि किलोग्रॅम वापरायला देशभर कायदेशीर परवानगी मिळाली. सक्ती मात्र नव्हती, म्हणून पौंडही टिकून राहिला. टपालासाठी अर्धा औंस, म्हणजे साध्या पत्राचं वजन, १५ ग्रॅम धरायचं ठरलं. म्हणजे बघा, काट्याच्या एका पारड्यात तीन निकेल ठेवली, की दुसऱ्या पारड्यात साध्या पत्राचं वजन तोलता येणार!

१८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी करार केला. त्यातही साधं पत्र १५ ग्रॅमचंच ठरलं. तिकिटाचे पैसे ज्या देशात पत्र टाकलं त्यानंच ठेवायचे. का? कारण पत्राला उत्तर येतंच, आणि हिशेब आपोआप फिटतो! १ जुलै १८७६ रोजी भारतही या कुटुंबात आला.

कॅसन नंतर राजदूत झाले, आधी व्हिएन्नात, मग बर्लिनमध्ये. १८८४ साली बर्लिनला आफ्रिकेविषयी मोठी परिषद भरली. तिथेही ते होते. पण आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांनाच बोलावलं नाही, तर तिथे झालेला करार न्यायाचा कसा होईल? पत्राचा करार मात्र जगभर टिकला.

आता एक प्रयोग. निकेल मिळालं नाही तरी हरकत नाही. प्रिंटरचा ए-४ कागद घ्या. पुड्यावर ८० जीएसएम लिहिलेलं असावं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. एवढ्या कागदातून ए-४ चे १६ ताव निघतात. ८० भागिले १६ किती? पाच! तुमच्या हातातला कागद एका निकेलएवढा भरतो.

तर घ्या दोन कागद, दूरच्या मित्राला मनातलं सगळं लिहा आणि पातळ पाकिटात घालून काट्यावर ठेवा. आकडा १५ च्या जवळपास आला, की समजा, बर्नमध्ये ठरलेलं पत्र तुमच्या हातात आहे!