रब्बी नसलेली मशीद

कोलकात्याच्या बागबाजारात राहायला आल्यावर कानाला सर्वांत आधी ओळखीचा झाला तो ‘महाराज’ हा शब्द. रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी १९०९पासून जिथे राहिल्या ते मायेर बाडी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या भगव्या वस्त्रातल्या संन्याशांना सगळे महाराज म्हणतात. घरदार सोडलं की ही हाक मिळते. चक्ररेलने बडाबाजारला उतरून ब्रेबोर्न रोडवरचं मागेन डेव्हिड हे यहुदी प्रार्थनास्थळ पाहायला गेले, तेव्हा त्याच सवयीने मी तिथल्या राखणदाराला विचारलं, ‘इथले महाराज कुठे असतात?’ तो मुसलमान. या वास्तूची निगा राखायचं काम त्याच्याकडे वडिलांकडून आलेलं. ‘महाराज नाहीत,’ तो म्हणाला, ‘दहा माणसंच जमत नाहीत.’

त्याचं उत्तर नेमकं होतं. यहुदी सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. रब्बी लागतोच असं नाही. मला हे उमगलं ते मात्र कोलकात्यात नव्हे, आपल्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या मराठी यहुद्यांची माहिती वाचताना.

यहुद्यांत धर्मकार्याची माणसं तीन. कोहेन जन्माने ठरतो. तो यरुशलेमच्या मंदिरातल्या याजकांचा वंशज, आणि मंदिर पडल्यापासून त्याच्याकडे मोजकी कामं उरली आहेत. रब्बी शिक्षणाने होतो. धर्मशास्त्र शिकायचं, गुरूकडून अधिकार मिळवायचा आणि मग काय खावं, शब्बाथच्या शनिवारी काय करू नये, कोणाचं लग्न लागू शकतं, घटस्फोट कसा द्यावा, या शंकांचा निकाल द्यायचा. तो संसारी असतो. बायकामुलांसह लोकांत राहतो. तिसरा हझान. सगळ्यांच्या वतीने उभा राहून तो प्रार्थना म्हणतो. बेने इस्रायलांत परंपरेने कोहेन घराणी नव्हती, रब्बीही नव्हते. सगळा भार हझानावर आला.

त्याच्याही आधी होते काजी. समाजाची कहाणी अशी, की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या. पुढे ही माणसं घाण्यावर तेल गाळत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिली, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. डेव्हिड राहबी नावाच्या परक्या यहुद्याने त्यांना ओळखलं आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्माची कामं शिकवली, असं परंपरा सांगते. हेच काजी. हा मान बापाकडून मुलाकडे जाई. गावोगाव फिरून त्यांनी सुंता केल्या, लग्नं लावली, भांडणं मिटवली. हा शब्द शेजारच्या मुसलमानांचा. प्रार्थनास्थळालाही ते मशीदच म्हणत. मुंबईच्या मांडवीत सॅम्युएल इझिकेल दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने १७९६मध्ये बांधलेलं शारे रहमीम ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जातं.

मशिदीचा कारभार पाहणाऱ्यांची नावं मला फार आवडतात. मुकादम प्रमुख, चौगुले सल्लागार, गब्बाय खजिनदार, शमाश म्हणजे सेवेकरी. मराठी गावगाडा आणि हिब्रू शास्त्र एकाच पंगतीला बसले आहेत.

आणि हझान? शब्बाथला तो तेबावर, म्हणजे मधल्या उंच चौथऱ्यावर, उभा. लग्नात केतुबा, म्हणजे नवऱ्याच्या जबाबदाऱ्यांचा करार, वाचायला तोच. बऱ्याच ठिकाणी शास्त्राप्रमाणे कोंबडी-बकरी कापणं आणि सुंता ही कामंही त्याच्याकडे. मयताला तो हजर. नवस फेडायचा असेल तर घरी मलिद्याला बोलावणं जाई: गोड पोहे, खोबरं आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण व्हायचं. घरोघरच्या सुखदुःखात त्याचा पाय असे. पांडित्य मात्र त्याच्याकडून कोणी मागितलं नाही. मला वाटतं, समाज टिकला तो या अशा राबण्यामुळे.

पांडित्याची उणीव लोकांना जाणवत होतीच. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शेलोमो सालेम शुर्राबी यांनी मुंबईत हिब्रू आणि शास्त्र शिकवलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली आणि हझान काय म्हणतो ते घरातल्या बायकांनाही कळू लागलं.

त्या उणिवेची किंमत पुढे इस्रायलमध्ये मोजावी लागली. तिथे गेलेल्या बेने इस्रायलांची लग्नं इतर यहुद्यांशी लावावीत का, असा प्रश्न रब्बींनी काढला. शंका घटस्फोटाबद्दल होती. रब्बी नसताना तो शास्त्राप्रमाणे दिला गेला असेल का? घटस्फोट सदोष ठरला तर त्या बाईच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांना कलंक लागतो. फेब्रुवारी १९६२च्या सूचनांनी त्यांच्या आई-आजीची वंशावळ जमेल तितकी मागे तपासायला सांगितलं. ज्यांनी परक्या मुलखात शतकानुशतकं शनिवार पाळला त्यांच्याकडे आजीचा पुरावा मागितला गेला, याचा मला आजही राग येतो. शास्त्राची काळजी खोटी नव्हती. तपासणीचं ओझं मात्र एकट्या याच समाजावर टाकलं होतं. माणसं रस्त्यावर उतरली, यरुशलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर केलं, आणि त्यानंतर सूचनांचे शब्द बदलले.

पदवीशिवाय धुरा वाहणं त्यानंतरही चालूच राहिलं. दिल्लीच्या हुमायून रोडवरच्या ज्युडा हायम हॉलमध्ये अनेक वर्षं प्रार्थना चालवणारे इझिकेल आयझॅक मळेकर हे बेने इस्रायलच. रब्बीची दीक्षा त्यांनी घेतलेली नाही, पद मानद सचिवाचं. दहाच्या गणतीत त्यांनी बायकांनाही धरलं. हा निर्णय कर्मठ रब्बी मान्य करणार नाहीत. समोर बसलेल्या मोजक्या माणसांना प्रार्थना मिळायला हवी, इतकंच त्यांनी पाहिलं असावं.

कोलकात्याचं मागेन डेव्हिड १८८४चं, बगदादहून आलेल्या एझ्रा घराण्याने बांधलेलं. आत तेबा अजून लखलखीत आहे. राखणदाराने कठड्यावरून फडकं फिरवलं, मला चपला कुठे ठेवायच्या ते सांगितलं, आणि डोकं झाकायला रुमाल पुढे केला.