विमान व अवकाशयान अभियांत्रिकीचे शिक्षण

वातावरणात उडणारी विमाने व क्षेपणास्त्रे आणि वातावरणाबाहेर भ्रमण करणारे उपग्रह व अवकाशयाने यांचा अभिकल्प (आराखडा), निर्मिती व परीक्षण यांचे पद्धतशीर शिक्षण विद्यापीठांतून व तंत्रविज्ञान संस्थांतून दिले जाते. भारतात पदवी अभ्यासक्रम उच्च माध्यमिक परीक्षेनंतर चार वर्षांचा असतो. वायुगतिकी, संरचना, प्रचालन आणि उड्डाणयामिकी व नियंत्रण हे त्याचे मुख्य विषय होत. अवकाशयानाच्या बाबतीत वायुगतिकीचे महत्त्व वातावरण ओलांडताना व त्यात पुनःप्रवेश करतानाच असते. एरव्ही कक्षीय यामिकी व उष्णतानियंत्रण यांना प्राधान्य येते [⟶ कृत्रिम उपग्रह].

हे विषय वर्गात वेगवेगळे शिकविले जात असले, तरी प्रत्यक्ष यानात ते वेगळे राहत नाहीत. नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कंपनीच्या कारखान्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात प्रथम सोव्हिएट परवान्याने मिग-२१, पुढे मिग-२७ आणि २००४ पासून रशियन परवान्याने सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. परवान्याखालील निर्मितीत आराखडे व धातूंचे विनिर्देश तयार मिळतात. त्यामुळे यंत्रण, जोडणी व गुणनियंत्रण यांत उच्च कौशल्य येते. परंतु एखाद्या पत्र्याची जाडी तेवढीच का, याचे उत्तर आराखड्यावर लिहिलेले नसते. ते काढण्याची क्षमता हाच विद्यापीठीय शिक्षणाचा खरा गाभा होय.

सु. २·५ टन वजनाचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली बसविताना हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. सांगाडा बळकट केला की वजन वाढते. वजन वाढले की गुरुत्वमध्य व स्थैर्य यांचे गणित बदलते. क्षेपणास्त्र सुटताच ते पुन्हा बदलते. असे सुधारित विमान क्षेपणास्त्रासह २५ जून २०१६ रोजी ओझरहून उडाले आणि २०१७ मध्ये त्यावरून पहिले प्रक्षेपण झाले. अभ्यासक्रमपत्रिकांत मात्र विषयांच्या या देवघेवीला पुरेशी जागा क्वचितच मिळते. भारतीय अभिकल्पाच्या तेजस एमके-१ए विमानाचे ओझरहून पहिले उड्डाण १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

भारतात या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) हे मराठी अभियंते अग्रणी होते. जर्मनीत गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाले. शिकविणारा व विमान घडविणारा एकच असण्याचा हा योग पुढे दुर्मिळ झाला.

अलीकडे विद्यार्थ्यांनी बनविलेल्या उपग्रहांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) ‘स्वयम्’ हा सु. १ किग्रॅ. वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. त्याची दिशा राखण्यासाठी चुंबक वापरले होते. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरत असल्याने त्या कामी विद्युत् शक्ती खर्च होत नाही; एवढ्या लहान यानात सौर घटांना जागाच थोडी असते. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी सोडला गेला. त्याचे काम २००७ च्या सुमारास सुरू झाले होते. आरंभीचे विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. त्यामुळे प्रत्येक निर्णय कारणासह लिहून पुढील तुकडीच्या हाती देणे हा अभ्यासाचाच भाग ठरला.

‘स्वयम्’ घडला त्या वेळी पुण्याच्या महाविद्यालयात या विषयाची स्वतंत्र शाखा नव्हती. यंत्र, इलेक्ट्रॉनिकी वगैरे शाखांच्या विद्यार्थ्यांनी तो तयार केला. भारतीय अवकाश संशोधन संघटनेतील अभियंत्यांच्या भरतीतही याच शाखांचा भरणा मोठा असतो. तेव्हा नाशिकसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला जवळच्या महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेट परीक्षेद्वारे पदव्युत्तर स्तरावर या विषयाकडे वळता येते. मात्र गणित व यामिकी यांचा पाया पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतच पक्का व्हावा लागतो.