क्षणभराचा शेक कसा मोजायचा?

पौडच्या पलीकडच्या वाडीतून कॅन्सरवरच्या किरणांच्या शेकासाठी कुणी पुण्याला जाऊ लागलं, की त्या खेपा बऱ्याचदा सहा-सात आठवडे चालतात. आठवड्यात पाच दिवस, रोज साधारण 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक). हे तुकडे मुद्दाम पाडलेले असतात. मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची डागडुजी करतात, गाठीला ती तितकी जमत नाही.

याउलट 'फ्लॅश' या शेकाच्या पद्धतीत मात्रा सेकंदाला 40 ग्रे किंवा त्याहून वेगाने जाते. 2014 मध्ये पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या संशोधकांना उंदरांत दिसलं, की गाठ तेवढीच आवरते आणि निरोगी फुप्फुस मात्र कमी होरपळतं. असं का होतं, यावर अजून एकमत नाही.

अडचण आहे ती झोत वेळेवर थांबवण्याची. नेहमीच्या यंत्रात किरणांच्या वाटेवर आयनीकरण कक्ष असतो. किरणांमुळे सुटलेला विद्युतभार तो मोजत राहतो आणि ठरलेली मात्रा भरली की झोत बंद होतो. फ्लॅशमध्ये एकदम इतके आयन सुटतात, की कक्षातल्या भार गोळा करणाऱ्या पट्टीपर्यंत पोचायच्या आतच ते पुन्हा एकमेकांना भिडून विझतात. कक्ष कमी आकडा दाखवतो, म्हणजे रुग्णाला जास्त मात्रा जाण्याचा धोका! 2018 मध्ये लोझानला पहिल्या रुग्णाच्या त्वचेवरच्या गाठीला 15 ग्रे मिळाले ते 90 मिलिसेकंदांत, झोताच्या अवघ्या 10 स्पंदांत (झटक्यांत). एवढ्या वेळात माणसाचा हात बटणापर्यंतही जात नाही. म्हणून मात्रेची खातरजमा आधीच करावी लागते आणि स्पंद मोजूनच सोडावे लागतात.

लोझानच्या त्या झोतात इलेक्ट्रॉन होते आणि ते जेमतेम काही सेंटिमीटर शिरतात. खोल गाठींसाठी प्रोटॉन हवेत. महाराष्ट्रात टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात 2023 पासून प्रोटॉन उपचार मिळतात, पण नेहमीच्या वेगाने. प्रोटॉनना वेग देणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून ते ठरावीक ऊर्जेने निघतात. त्यांना गाठीशीच थांबवायचं तर वाटेत अडथळा घालून ऊर्जा उतरवावी लागते, आणि त्यात बहुतेक झोत वाया जाऊन मात्रेचा वेग पडतो. त्यामुळे सिनसिनाटीतल्या प्रोटॉन फ्लॅशच्या पहिल्या चाचणीत हातापायांच्या हाडांतून झोत सरळ आरपार नेला. ठरलेल्या खोलीवर थांबणं हा प्रोटॉनचा मोठा गुण संशोधकांनी तिथे सोडूनच दिला! 10 रुग्ण, एकदाच 8 ग्रे. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर साध्या शेकातही एका खेपेत 8 ग्रे देतात, तेव्हा खेपा काही वाचल्या नाहीत. उपचार रुग्णालयात नीट देता येतो, एवढं मात्र दिसलं. पुढची चाचणी छातीच्या हाडांसाठी आखली, जिथे फुप्फुस अगदी लगत असतं.